झऱ्यावरचा ऐन

मी एक जुना ऐनाचा वृक्ष आहे. मित्रांनो, तलासरीच्या पूर्वेकडे, पाड्याच्या झऱ्याच्या अगदी वर मी उभा आहे. साल मगरीच्या पाठीसारखी, म्हणून मुले मला मगर म्हणतात.

आम्ही एकतीस ऐन, घरोघरी वाटून दिलेले. मी बायजीच्या घरचा. दर माघात आमच्या फांद्या छाटायच्या, भाताच्या वाफ्यावर पसरून जाळायच्या. त्याला राब म्हणतात. शेंडा मात्र राखायचा. झरा वैशाखापर्यंत वाहायचा. त्या पाण्यावर बायजीची सून, तिचे नाव सुकी, मिरची पिकवून बाजारात न्यायची.

२०१५ साली पाऊस कमी झाला आणि रोपे पिवळी पडली. राब अपुरा पडला, असे सगळ्यांना वाटले. पुढच्या माघात त्यांनी शेंडेही उतरवले, खालची झुडपेही तोडली. मग पावसाने उघड्या उताराची माती झऱ्यात लोटली. २०१७च्या होळीआधीच झरा आटला, मिरची करपली.

माझ्या बुंध्याशी पाडा जमला. बायजी म्हणाली, "झऱ्यावर आता कोयता नको. वाफ्याला शेणखत घालू."

शेजारचा बारक्या हसला. "राबाशिवाय रोप उभं राहील, का तू काठी देशील?"

"देईन की."

"आणि या मगरीचा पगार किती, तेवढं सांग."

"तू मजुरीला जातोस त्या वीटभट्टीपेक्षा जास्त. भट्टी सहा महिने खायला घालते आणि घर बंद करते. हा ऐन बारा महिने देतो, तेही घरी बसून."

त्या वर्षी फक्त बायजीने राब जाळला नाही. तिची रोपे वीतभर बुटकी राहिली, पण तग धरून राहिली. तरी पाणी नव्हतेच. दिवाळीनंतर सुकी मुलीला घेऊन वीटभट्टीवर गेली. बायजी रोज झऱ्यातला गाळ टोपलीने उपसत राहिली. तिची तगलेली रोपे सगळ्यांनी पाहिली होती; पुढच्या माघात उतारावर कोणीच कोयता आणला नाही.

दोन पावसाळ्यांत मला नवा शेंडा फुटला आणि झऱ्यात पुन्हा पाणी दिसू लागले. २०१८च्या दिवाळीनंतर भट्टीचा मुकादम दारात आला. सुकीने हात धुतले आणि म्हणाली, "दादा, यंदा मिरची लावलीय."

पाणी टिकते का, हे बायजी रोज झऱ्याकडे जाऊन पाहायची.

मित्रांनो, आज चैत्र आहे आणि झरा वाहतो आहे. सकाळी बारक्या कोयता घेऊन आला. त्याने बायजीला विचारून माझ्या खालच्या दोनच फांद्या घेतल्या, शेंड्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मगरीचा पगार कापायचा नाही."

तुम्हीही तेवढे सांभाळा.