तीन गुणांची लॅब

“आधी वर्ष बघायचं, ल्युसील. मग विषय. गुण सगळ्यात शेवटी.”

हे सांगताना सिस्टर बेनेडिक्टांचा आवाज कधी चढत नसे. त्या कॉलेजच्या रजिस्ट्रार होत्या आणि ल्युसील व्हॅन्डेनब्रूक त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली कारकून. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचे विषय शिकून मुलं मे महिन्यात एपीची परीक्षा देत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे गुण गठ्ठ्याने येत, एक ते पाच. कोणत्या विषयात किती गुणांना कॉलेज किती क्रेडिट देणार, याचा तक्ता प्रत्येक विभाग दरवर्षी नव्याने लावी. यंदा तीन गुणांना चाललेलं पुढच्या वर्षी चालेलच असं नसे. म्हणून आधी वर्ष.

सिस्टर बेनेडिक्टा जाऊन आता बारा वर्षं झाली होती. कॉलेज चालवणाऱ्या नन्स सोडून गेल्या, भिंतीवरचा क्रूस तेवढा राहिला. आणि ल्युसील राहिली. रोज चर्चमध्ये सहाच्या मिस्साला जायची, मग गाडी कॉलेजच्या आवारात लावून तिथेच बसून जपमाळेचे दहा-दहा मण्यांचे पाच दशक पुरे करायची, आणि आठला कचेरीचं दार उघडायची. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस बंद, आणि कॉफीतली साखर रोजच बंद. यात तिने कधी खंड पडू दिला नव्हता, आणि त्याबद्दल कधी कुणापाशी बोललीही नव्हती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मे महिन्यात पदवी घेणाऱ्या मुलांच्या फायली ती शेवटच्या तपासत होती. एकशे चौदावी फाईल माय नू लोर या मुलीची. शिक्षणशास्त्र, प्राथमिक वर्ग. सगळं पुरं. प्रयोगशाळेसह विज्ञान हा एक विषय सर्वांना सक्तीचा, तोही पुरा: एपी, पर्यावरणशास्त्र, गुण तीन.

ल्युसील पुढच्या फाईलकडे वळली, आणि थांबली. उठून तिने कपाटातून चार वर्षांपूर्वीचा तक्ता काढला. मुलगी ज्या वर्षी आली त्या वर्षीचा. पर्यावरणशास्त्र: चार किंवा पाच गुणांना प्रयोगशाळेसह क्रेडिट. तीन गुणांना नुसतं ऐच्छिक क्रेडिट, प्रयोगशाळा नाही.

नोंदीखाली आद्याक्षरं तिचीच होती.

कसं झालं ते तिला उभ्या उभ्याच कळलं. त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत तीन गुणांना लॅब मिळत होती. तो तक्ता तिला प्रार्थनेसारखा पाठ होता. त्या जुलैत चारशे मुलांचे गुण एकदम आले, आणि तिने कागदाकडे न बघता नोंद केली. नवशिक्या पोरीने तक्ता उघडला असता. जिला पाठ होता तिनेच उघडला नाही.

ती रजिस्ट्रार रॉस मॅकीलच्या खोलीत गेली. रॉस छत्तिशीतला, भला माणूस. टेबलावर पाय टाकून सँडविच खात होता. तिला बघून पाय खाली घेतले.

“ल्युसील, आज शुक्रवार नाही, हॅम चालतं. बघू नका माझ्याकडे तसं.”

“तुमच्या सँडविचसाठी नाही आले.” तिने फाईल पुढे ठेवली आणि सांगितलं.

रॉसने फाईल पाहिली, मग संगणकावर पाहिलं. “इथे हिरवी खूण आहे.”

“ती मीच घातलीय.”

“चार वर्षांपूर्वी! शेवाळ चढलंय त्याच्यावर. कोण बघणार आहे?”

“मी बघितलं.”

“तेच म्हणतोय, तुम्ही सोडून कोण?” त्याने सँडविच खाली ठेवलं. “हे बघा. आता ही खूण काढली तर या पोरीला मे महिन्यात पदवी नाही. लॅबचे वर्ग जानेवारीतच सुरू झाले, आता शिरता येणार नाही. डिसेंबरपर्यंत थांबावं लागेल. ऑगस्टमध्ये हिला शाळेत नोकरी असेल, ती जाईल. तुमचं मन हलकं होईल, भोगायचं तिने. हा कुठला न्याय?”

तेच ल्युसीलच्याही मनात होतं. चूक कबूल करायची तर शिक्षा आपल्याला व्हावी, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. इथे कबुली तिची आणि शिक्षा दुसऱ्याच्या लेकीला.

“नोंद दुरुस्त करायचा अर्ज लिहिलात तर मी सही करीन,” रॉस म्हणाला. “नाही लिहिलात तर मी हे ऐकलेलंच नाही. जा, कॉफी घ्या. साखर घालून घ्या.”

तीन दिवस तिने ती फाईल खणात ठेवली. मिस्सात उभी राहिली की प्रार्थना ओठांवर यायची आणि मन त्या हिरव्या खुणेपाशी जाऊन बसायचं. गप्प राहावं, असंही एकदा ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीच्या पदवीपत्रावर तपासणीची सही करायची पाळी आली. ‘सर्व अटी पूर्ण असल्याचे मी पाहिले आहे,’ असं वर छापलेलं. पेन टेकवलं, आणि उचललं. तिने मुलीला निरोप पाठवला. तिच्यामागे तिच्याबद्दल आणखी कुणाशी बोलायचं नाही, आधी तिच्याशीच बोलायचं, एवढं तरी हातात होतं.

माय नू आली ती घाईत, जेवणघरातल्या कामाचा एप्रन अंगावर तसाच. बुटकी, हसरी, केसांत पेन्सिल खोचलेली.

“मिस ल्युसील, पदवीच्या गाऊनच्या मापाचं ना? मी एक्स्ट्रा स्मॉल लिहिलंय, तरी तंबूच येणार, मला माहितीये.”

“बस, बाळा.”

“अरे बाप रे. तुमचं तोंड बघून वाटतंय कुणी तरी गेलं.”

“कुणी गेलं नाही. माझ्या हातून एक चूक झालीय, तुझ्या फायलीत.”

माय नूने एप्रनची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, “पर्यावरण ना?”

ल्युसील तिच्याकडे बघतच राहिली. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या वर्षी माझ्या खोलीत केल्सी होती. तिलाही तीनच होते. तिचे गुण उशिरा आले की काय, कोण जाणे, तिचे कागद तुमच्याकडे नव्हते गेले. तिला लॅब करावी लागली. दर मंगळवारी संध्याकाळी बेडकांचा वास घेऊन यायची आणि मला म्हणायची, तुझं नशीब बघ.” ती थांबली. “मी म्हटलं, विचारलं तर काढून घेतील. नाही विचारलं. दर सत्राला निकाल उघडला की आधी ती ओळ बघायचे, आहे ना अजून म्हणून.”

“चार वर्षं?”

“सात वेळा.” आणि मग एकदम तिचा आवाज बदलला. “पण मग आता का, मिस ल्युसील? चार वर्षं नाही दिसलं, अजून दोन महिने दिसलं नसतं तर काय बिघडलं असतं? माझी आई जानेवारीपासून पट्टा भरतेय. गाऊनवर घालायचा. आमच्या ह्मोंग लोकांत असतो, भरतकामाचा. बोटांना भोकं पडलीत तिच्या. मावश्या मिनेसोटाहून येणारेत, एकतीस माणसं. आणि शाळेवाल्यांनी मला वर्गाच्या खिडक्यांची मापंसुद्धा पाठवलीत, पडद्यांसाठी.”

“मला दिसलं गं. न दिसल्यासारखं करता येईना.”

“तुम्हाला नाही येत. मला चार वर्षं आलं.” तिने डोळे मनगटाने पुसले. बाहेर छपराचा बर्फ वितळून थेंब थेंब गळत होता.

“केल्सीला मी कधी सांगितलं नाही,” माय नू अखेर म्हणाली. “ते जास्त लागतं मनाला. चला, काय करायचं? तुम्ही बोलावलंत म्हणजे काही तरी ठरवलं असेल.”

“ठरवलं एवढंच की डॉक्टर डेक्करांकडे जायचं, लॅब त्यांच्या विभागाची. तू एकटीने नाही. मी येते, चूक माझी आहे हे मी सांगते.”

“डेक्कर? ते चावतात.”

“मलाही चावतील. अर्धं अर्धं वाटून घेऊ.”

जीवशास्त्र विभागाचे ऑर्विल डेक्कर खरोखरच आधी गुरगुरले. त्यांच्या खोलीत चिखलाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि गुडघ्याला पट्टा बांधून ते स्टुलावर बसले होते. ल्युसीलने लिहून आणलेला अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

“‘चूक सर्वस्वी माझी आहे’,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “बाई, या इमारतीत वीस वर्षांत हे वाक्य मी लिहिलेलं पाहिलं नाही. तरी पण, तीनला लॅब नाही. मीच बदललं ते. का, ठाऊक आहे? अर्ध्या शाळांत लॅब म्हणजे नुसता व्हिडिओ असतो.”

“आमच्याकडे व्हिडिओ पण नव्हता,” माय नू म्हणाली. “सरांनी नोव्हेंबरात नोकरी सोडली. नंतर पुस्तकातल्या चित्रावरून आम्ही आकडे भरायचो.”

“पाणी मोजलंस कधी?”

“आंघोळीला किती लागतं ते माहितीये.”

डेक्करांच्या मिशीखाली काही तरी हललं. त्यांनी खिडकीबाहेर, कॉलेजमागच्या ओढ्याकडे बघितलं. “मी दर वसंतात हा ओढा मोजतो. बर्फ उतरायला लागला की सुरू, सात शनिवार, सकाळी सहाला. पाण्याची उंची, गढूळपणा, त्यात किडे कोणते जगलेत, सगळं. सातही नोंदी आणि शेवटी अहवाल. एवढं केलं तर एका क्रेडिटची लॅब मी उघडू शकतो, समितीची परवानगी मी काढीन. मेच्या आत पुरं होतं.”

माय नू उठून उभीच राहिली.

“थांब. हुरळू नकोस. ओढ्यात एकट्याने उतरायचं नाही, हा नियम आहे. एक पाण्यात, एक काठावर दोरी धरून. आतापर्यंत दुसरा मी असायचो. हे गुडघे आता उतरत नाहीत. माणूस तुला आणावं लागेल, आणि तेच माणूस सातही वेळा. मोजणारी जोडी बदलली की आकडे बदलतात. एक शनिवार चुकला तर लॅब गेली.”

माय नू बोटांवर नावं मोजू लागली. शनिवारी सकाळी तिच्या ओळखीचं सगळं जग कामाला असायचं. ती स्वतःसुद्धा जेवणघरात पाळ्या बदलून घेणार होती. चौथ्या बोटाशी ती अडखळली आणि हात खाली गेला.

“मी धरीन दोरी,” ल्युसील म्हणाली.

डेक्करांनी तिला टाचेपासून केसांपर्यंत न्याहाळलं. राखी स्कर्ट, नीट इस्त्रीची कॉलर. “तुम्ही? रबरी बूट कधी घातलेत पायात?”

“चाळीस गायींच्या गोठ्यात वाढलेय, डॉक्टर. शाळेचे बूट मला नंतर मिळाले.”

माय नू खुदकन हसली.

“सातही शनिवार?” डेक्करांनी विचारलं. “मध्ये एक ईस्टरच्या आधीचा येतो. तुम्ही लोक त्या दिवशी देवळातच असता.”

“प्रार्थना रात्री असते. सकाळ मोकळी आहे.”

“वादळ आलं तर?”

“तर ओली होईन. सातही, डॉक्टर. मी शब्द देते.” हे ती माय नूकडे बघून म्हणाली.

बाहेरच्या व्हरांड्यात माय नूने तिचा हात धरला, मग एकदम सोडला, काय करावं कळेना तशी. “तुम्हाला हे करायची गरज नव्हती. तुमची चूक कागदावरची होती.”

“आणि तुझी?”

“माझी गप्प बसण्याची.” ती क्षणभर थांबली. “मी केल्सीला आज फोन करते. शिव्या घालेल. घालू दे.”

“शनिवारी साडेपाचला तुझ्या दाराशी गाडी आणते. गरम कपडे घाल. एप्रन नको.”

त्या संध्याकाळी ल्युसीलने हिरवी खूण आपल्या हाताने काढली आणि खाली तारीख घालून आद्याक्षरं टाकली. रॉसने अर्जावर सही केली आणि जाताना विचारलं, “आणि एखाद्या शनिवारी तुम्हीच आजारी पडलात तर, ल्युसील?”

“नाही पडणार,” ती म्हणाली. मग दिवा मालवून कपाटाला कुलूप लावलं.

शनिवारी चारला तिला जाग आली. बाहेर उणे सहा. आज सहाच्या मिस्साला जाता येणार नव्हतं; रोज मिस्सानंतर गाडीत व्हायची ती जपमाळ तिने खाटेच्या कडेला बसून आधीच पुरी केली. तळघरातून वडिलांचे रबरी बूट वर आणले होते, त्यांत दोन-दोन लोकरी मोजे घालून पाय सरकवले. कॉफीचे दोन थर्मास भरले, एक स्वतःसाठी, एक त्या पोरीसाठी; पोरीच्यात साखर घातली. गाडीच्या काचेवरचं दव गोठलं होतं ते खरवडून काढलं, हळूहळू, शेजारचा म्हातारा कुत्रा जागा होऊ नये म्हणून. पूर्वेला चर्चच्या मनोऱ्यामागे आभाळ जेमतेम राखी व्हायला लागलं होतं.

दोरीचं वेटोळं तिने शेजारच्या आसनावर ठेवलं, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि गाडी उतारावरून खाली काढली.