सातविणीवरची जस्ताची पाटी

आज सकाळी साडेदहा वाजता माझ्यावर करवत चालली.

मी एक जुनी जस्ताची पाटी आहे, मित्रांनो. वनस्पती उद्यानातल्या सातविणीच्या खोडावर एकतीस वर्षं ठोकलेली. उद्यानाच्या रंगाऱ्याने मला पत्र्यातून कापलं आणि लिहिलं: अल्स्टोनिया स्कोलॅरिस. नियमाप्रमाणे त्याने तिथेच थांबायचं होतं. तो थांबला नाही. खाली त्याने अर्थही लिहिला: 'पहिला शब्द एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आडनावावरून. दुसरा म्हणजे शाळेचा. याच्या लाकडाच्या फळ्यांवर मुलं अक्षरं गिरवत.'

एक चूक त्याने केली. खोड वाढत जातं, म्हणून खिळा बोटभर बाहेर ठेवायचा असतो. त्याने तो घट्ट ठोकला आणि बोलणी खाल्ली. पुढे सालीने माझे डावीकडचे दोन्ही कोपरे गिळले.

माझ्यापुढे सहली थांबायच्या. शिक्षक मला मोठ्याने वाचायचे. मग रंगारी वारला, रंग उडत गेला, आणि माझ्यावरची धूळ पुसायचंही कुणाला सुचेना.

नव्या अधीक्षकांना सगळ्या झाडांवर नुसत्या क्रमांकाच्या पाट्या हव्या आहेत. बाकीच्या जुन्या पाट्या दोन दिवसांत निघाल्या. मी निघाले नाही. पहार लावली, तरी नाही.

"साहेब, साल सोलावी लागेल. चीक गळेल," माळीणबाई म्हणाल्या. त्या रंगाऱ्याच्याच लेक.

"मग सालीपासून कापून टाका. क्रमांक पुरे."

"बाबा म्हणायचे, नाव वाचून पोरं पुढे जातात. अर्थ वाचला की मान वर करून झाड बघतात."

"तुमच्या बाबांनी खिळा ढिला ठेवला असता, तर ही वेळच आली नसती, बाई."

"ठेवला नाही, म्हणून तर ती अजून आहे, साहेब."

"कापा."

कापा! कोपरे तरी झाडातच राहतील. मित्रांनो, माझा रंग उडाला असेल, पण मी खोटं काही सांगितलेलं नाही. माझ्या जागी क्रमांक लावणाऱ्याने आधी झाडाविषयी एक वाक्य तरी लिहून दाखवावं.

करवत वरच्या कडेकडून नावाच्या ओळीतून खाली आली. अर्थाच्या ओळीशी बाईंचा हात थांबला.

"पातं बोथट झालंय, साहेब. दुसरं आणते."

पातं त्यांनी सकाळीच नवं बसवलं होतं. माझ्यासमोर.

आता दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. अधीक्षक दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. बाई अजून परतलेल्या नाहीत. करवत माझ्यात अडकलेली आहे आणि खालची ओळ शाबूत आहे.