मीठ संपलंय

"मेरिन, अगं मीठ संपलंय!"

टॅमसिनने जिन्याखालून हाक मारली ती अशी, की ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. शेगडीवर बटाटे रटरटत होते, हातात मिठाची रिकामी बरणी होती आणि चेहऱ्यावर ऐन वेळी फजिती झालेल्या बाईचा भाव होता. बरणी तिनेच मघाशी रिकामी केली होती, ही गोष्ट वेगळी. खोटं बोलायचंच तर माणसाने ते मन लावून बोलावं, अर्धवट बोलू नये, असं तिचं मत होतं.

मेरिन खाली आली. सोळा वर्षांची उंच पोर, समुद्रवाऱ्याने राठ झालेले केस आणि तोंडाला कुलूप. "परत?" एवढंच म्हणाली आणि कोट चढवून बाहेर पडली. बटाटे शिजायच्या आत पाकीट घेऊन हजर.

"मिळालं? कोण होतं गं दुकानात?"

"कुणी नाही."

"कुणी नाही कसं? दुकान काय भुतं चालवतात?"

"यंत्र आहे. पाकीट दाखवायचं, कार्ड टेकवायचं, निघायचं."

टॅमसिनने कपाळाला हात लावला. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीचं औषध ते, एवढं रामबाण, आणि एका मेल्या यंत्रापायी वाया चाललं होतं.

इंग्लंडच्या टोकाशी असलेल्या सिली बेटांवरच्या पोरांचं हे ठरलेलंच असतं. तिथली शाळा सोळाव्या वर्षापर्यंत. पुढे शिकायचं तर बोटीत बसायचं, समुद्र ओलांडून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि परक्याच्या घरी राहून दोन वर्षं कॉलेज करायचं. पेन्झान्समधलं टॅमसिनचं घर हे असंच एक परकं घर. ती मूळची बेटावरची, म्हणून तिकडचे आईबाप डोळे मिटून पोरं तिच्याकडे धाडायचे. नवरा गेल्यापासून तर तिला या पोरांचाच आधार होता. सप्टेंबरात रडवेली यायची, ख्रिसमसपर्यंत फ्रिज रिकामा करायला शिकायची, आणि दोन वर्षांनी घोगऱ्या आवाजात "येतो हं टॅमसिन" म्हणून पुढे निघून जायची. आजवर एकही पोर तिने अर्ध्यातून घरी परत जाऊ दिलं नव्हतं. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

पण ही मेरिन! हिच्या वर्गातली बाकीची पोरं लांबच्या ट्रूरोच्या कॉलेजात गेली. हिने पेन्झान्स निवडलं, का तर इथे बोट लागते म्हणून. जनावरांची डॉक्टर व्हायचं मनात होतं, घरची वासरं हिच्या हातावर वाढलेली, डोकंही चांगलं. अभ्यासाचं काही रडगाणं नव्हतं. रडगाणं होतं ते दुपारचं. दुपारी ही आपला डबा घेऊन बंदरावर जायची आणि बोटीकडे तोंड करून एकटीच खायची. टॅमसिनने मासे आणायला जाताना एकदा हे पाहिलं आणि त्या दिवसापासून घरातलं मीठ संपायला लागलं.

"कॉलेजात कुणाशी ओळख झाली का गं?" असं विचारलं की एकच उत्तर. "कुणी विचारलंच नाही."

ऐकणाऱ्याला वाटावं, काय ही पोरीची घमेंड. पण टॅमसिनला पुरतं ठाऊक होतं की घमेंड नाही ही. बेटावर जन्मलेल्या माणसाला जन्मात कधी स्वतःचं नाव सांगायची वेळ येत नाही. वर्गात पंधरा पोरं, सगळी पाळण्यापासूनची. रस्त्यात जो भेटेल त्याला तुमचं नाव माहीत, आईचं नाव माहीत, आणि लहानपणी कुठल्या पायरीवर आपटून दात पाडून घेतलात तेही माहीत. अशा पोरीला कॉलेजातल्या टेबलाशी बसवलं की ती वाट बघत बसते, लोक आपल्याला ओळखतील म्हणून. आणि लोकांना वाटतं, ही बोलत नाही, हिला आपण आवडत नाही. झालं. दोन्हीकडे मौनव्रत.

टॅमसिन हे कुणाकडून शिकली नव्हती. तीही अशीच बसली होती ना!

ऑक्टोबरच्या मध्याला तिचं बिंग फुटलं. मेरिन बिस्किटं शोधत होती. तिने चुकून वरचं कपाट उघडलं.

"टॅमसिन."

"काय गं?"

"इथे वरपासून खालपर्यंत मीठ आहे."

"असेल."

"असेल? तुम्ही मासे खारवताय का गोगलगायी मारताय?"

चोर पकडला गेला म्हटल्यावर टॅमसिनला हसूच आलं. "बस खाली," ती म्हणाली. "चहा ओत दोघींना. आणि तो केशराचा बन काप. ही गोष्ट कोरड्या तोंडाने सांगायची नाही."

मग तिने ट्रेम्बाथबाईंची गोष्ट सांगितली.

ट्रेम्बाथबाई ठेंगण्या, गोल आणि जिभेच्या फटकळ. सोळा वर्षांची टॅमसिन त्यांच्याकडे राहायला आली आणि उशीत डोकं खुपसून रडत बसली. दुसरी कुणी असती तर जवळ घेतलं असतं. बाईंनी नुसतं दार ढकललं आणि म्हणाल्या, "रडून झालं की खाली ये. मीठ संपलंय." मग दर दोन दिवसांनी तेच. कधी मीठ, कधी मीठच. दुसरी वस्तू सुचायची नाही बाईंना. कोपऱ्यावर पॅस्को नावाच्या माणसाचं दुकान होतं. लाकडी फळी, चीज कापायची तार, आणि चहाचा, साबणाचा, रॉकेलचा मिळून एक वास. तसा वास अजून कुठे आला की टॅमसिनचे पाय आपोआप थांबतात, मग कितीही घाई असो.

"तो पॅस्को मिठाचं पाकीट हातात धरून ठेवायचा," ती सांगत होती. "सोडायचाच नाही. म्हणायचा, कुणाची गं तू? मी आपली मान खाली घालून म्हणायची, ट्रेम्बाथबाईंकडची. तर म्हणे, ते मला दिसतंय, नाव नाही का तुला? अस्सा राग यायचा मला! नाव सांगेपर्यंत मीठ नाही."

"मग सांगितलंत?"

"काय करते? बटाटे अळणी राहिले असते. पण मी काही सुधारले नाही हं लगेच. ऑक्टोबरअखेरची आठवड्याची सुट्टी लागली तशी मी सगळं सामान बांधलं. परत यायचंच नाही, ठरलं. बाई धक्क्यावर पोचवायला आल्या. मला वाटलं आता बाबापुता करतील. छे! बोट सुटता सुटता ओरडल्या, येताना मीठ आण गं, संपलंय!"

मेरिनने बनाचा तुकडा तसाच हातात धरला होता.

"घरी काय, चैनच. आई, कुत्रा, शेतात नर्गिसाची पहिली फुलं. अख्खा आठवडा लोळले. आणि शेवटच्या दिवशी आईने जेवायला वाढलं, पहिलाच घास घेतला आणि माझ्या मनात आलं, ती म्हातारी तिकडे आठवडाभर अळणी खात असेल. खरंच वाटायचं गं मला, कुणाला खोटं वाटतंय! उठले, आईकडून मीठ घेतलं आणि बोटीत बसले. इथे आले, कपाट उघडलं, तर आत वरपासून खालपर्यंत मीठ."

"आणि बाई?"

"बाईंना लाज ना शरम. म्हणाल्या, बघत काय बसलीस, सरकव जरा आणि जागा कर."

"मग?"

"मग काय? केली जागा." टॅमसिनने डोळे पुसले. हसण्याने आलं होतं पाणी, पण सगळंच काही हसण्याचं नव्हतं. "पुढच्याच आठवड्यात पॅस्को म्हणाला, आमची रूथ तुझ्याच वर्गात आहे की, आणि आत हाक मारली. ती रूथ माझ्या लग्नात करवली होती."

मेरिन हसली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मग हसू ओसरलं. "तुम्हाला पॅस्को मिळाला," ती म्हणाली. "मला यंत्र. ते म्हणतं, वस्तू पिशवीत ठेवा. ते नाही विचारत कुणाची गं तू म्हणून."

टॅमसिनने बशी जवळ ओढली. तिने बनाचा दुसरा तुकडा पुढे सरकवला.

ऑक्टोबरअखेरची सुट्टी आली ती बोटीच्या शेवटच्या फेरीबरोबरच. आताशा त्यानंतर हिवाळाभर बोट बंद, जायचं-यायचं ते छोट्या विमानाने, तेही धुकं उडू देईल तेव्हा. सकाळी मेरिनची बॅग जिन्यावरून धडधडत खाली आली आणि टॅमसिनला आवाजावरूनच समजलं. आठवड्याची बॅग एवढी जड नसते. वर जाऊन पाहिलं. भिंतीवरचे फोटो गेलेले, पांघरुणाची घडी घातलेली, वासराचं चित्र असलेला कपसुद्धा नेलेला.

धक्क्यावर दोघी बॅगेच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. याच दगडांवर ट्रेम्बाथबाई उभ्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून, एका हाताने टोपली धरून. किती सोपं होतं त्यांना! आता "मीठ आण" म्हणायचीही सोय उरली नव्हती. आपणच सगळं सांगून बसलो. टॅमसिनला स्वतःच्या बडबडीचा राग आला. शेवटी युक्तीबिक्ती सगळी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मेरिन, तू नाही आलीस तर घर मला खायला उठेल. हे मी तुला अडवायला सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतेय."

मेरिनने तिला घट्ट मिठी मारली. येते, असं मात्र म्हणाली नाही.

गुरुवारी मेरिनच्या बापाचा फोन आला. डेन्झिल त्याचं नाव. टॅमसिनने त्याला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून पाहिलेलं.

"पोरगी नाही म्हणतेय यायला," तो म्हणाला. "शेतावरची फुलं तोडायला तुम्हाला हात हवेतच की, म्हणते. सोमवारच्या विमानाचं तिकीट काढून ठेवलंय, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार? तिच्या आईला बरंच वाटतंय. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण टॅमसिन, ती वर बसून ते जीवशास्त्राचं पुस्तक वाचते गं. आमचा पाय वाजला की मिटून ठेवते. ते नाही बघवत मला."

"जबरदस्ती नको करूस," टॅमसिन म्हणाली. फोन ठेवला आणि मिठाचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसली. हात टेकले होते तिने. बाईंचा वारसा आपण चालवतोय, या तोऱ्यात इतकी वर्षं काढली. पण पॅस्कोशिवाय बाईंचं तरी काय चाललं असतं?

शनिवारी दूध संपलं, आणि हे मात्र खरंच संपलं होतं. टॅमसिन दुकानात गेली. पॅस्कोच्याच जागेवर होतं ते. फळी गेली, तार गेली, वास तर कधीचाच गेला. आता आत शिरलं की नुसता गार वारा लागतो. तिने यंत्राला दूध दाखवलं. यंत्राला काय झालं कोण जाणे, तांबडा दिवा लावून बसलं आणि "वस्तू पिशवीत ठेवा, वस्तू पिशवीत ठेवा" असा जप सुरू केला.

"ठेवली रे बाबा, ठेवली!" टॅमसिन त्याच्यावर खेकसली.

दुकानाचा हिरवा सदरा घातलेली एक मुलगी धावत आली. नाकावर चष्मा, सोळा-सतराची असेल. तिने किल्ली लावून यंत्राला गप्प केलं, मग जायच्याऐवजी तिथेच घुटमळली.

"तुम्हाला एक विचारू का? ती मीठवाली तुमच्याकडेच राहते ना? एकदा तुमच्याबरोबर पाहिलं होतं."

"कोणवाली?"

"मीठवाली! दर दोन दिवसांनी येते आणि मीठच नेते. मागे माल मांडता मांडता आम्ही पैजा लावल्यात. ब्रेडवाले काका म्हणतात गोगलगायी मारत असेल, मी म्हणते मासे. कॉलेजात जीवशास्त्राला मी तिच्या मागेच बसते."

टॅमसिनच्या हातातलं दूध हातातच राहिलं. "मग विचारायचं होतंस की तिला!"

"मनात होतं हो. पण ती कुणाशी बोलत नाही. म्हटलं, आपण आवडत नसू. मी पण नवीनच, हेल्स्टनहून बसने येते, मला तरी कोण ओळखतं इथे?" मुलीने चष्मा वर सरकवला. "आठवडाभर दिसली नाही म्हणून विचारलं. बरी आहे ना? नाव काय हो तिचं?"

टॅमसिनने हातातलं दूध यंत्रावर ठेवून दिलं. त्याच जागी, त्याच कोपऱ्यावर, शेवटी कुणीतरी विचारलं होतं.

"नाव मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तूच विचार." आणि तिने फोन काढून बेटावर लावला.

मागे रांग खोळंबली. "अहो बाई, आटपा!" कुणीतरी ओरडलं. "घरी जाऊन काय राज्य करायचंय?" टॅमसिनने मागे न बघताच सुनावलं. पलीकडे डेन्झिलने उचलला. "पोरीला दे, आत्ताच्या आत्ता," एवढं सांगून तिने फोन मुलीच्या हातात कोंबला.

"हॅलो?" मुलगी लाल झाली होती. "मी लोवेना. म्हणजे तू मला ओळखत नाहीस. मी तुझ्या मागे बसते, जीवशास्त्राला. आणि इथे दुकानात असते. तुझं नाव काय गं? आणि ए, तू एवढ्या मिठाचं करतेस तरी काय?"

टॅमसिन कान देऊन आणखी जवळ सरकली. मग फोनमधून हसू फुटलं, असं मोठं की रांगेतल्या माणसांनीही माना वर केल्या.

"मेरिन," लोवेना म्हणाली. "हां. मेरिन. काय? खोटं! कपाटभर?" आणि तीही हसत सुटली. बराच वेळ दोघी काहीबाही बोलत राहिल्या, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या टॅमसिनला रॉकेलचा आणि साबणाचा वास येत राहिला.

मग लोवेनाने फोनवर हात ठेवला. "ती विचारतेय, सोमवारी येताना मीठ आणू का?"

कपाटात आता करंगळी शिरायलाही जागा नव्हती.

"आण म्हणावं," टॅमसिन म्हणाली, आणि या वेळी खोटं बोलताना तिचा आवाज कापला. "केव्हाच संपलंय."