उलटं उतरायचा जिना

मी जिना बोलतोय. नाशिक रोडला नोटा छापायच्या प्रेसच्या कॉलनीमागे एक तीन मजली इमारत आहे, तिच्या पोटातला. शाळा काही मी पाहिली नाही. थोडंफार जे कळतं ते येणाऱ्या-जाणाऱ्या पायांकडून.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षी निवृत्ती गवंडी मला बांधत होता. ठेकेदार आला नि म्हणाला, "जिना जरा आत दाब. पुढं दुकानाचे गाळे मोठे निघाले पाहिजेत." मग मला दाबलं. रुंदी गेली, पायऱ्या उंच झाल्या, वळणावर तर अंग चोरूनच जावं लागतं. सिमेंट ओलं असतं तेव्हा बोलता येत नाही, आणि वाळल्यावर बोलून उपयोग नसतो.

लोक घरं बघायला यायचे. ओटा बघायचे, नळ सोडून बघायचे, भिंतीवर टिचकी मारायचे. यायचे माझ्यावरूनच, पण मला कुणी बघितलं नाही. धोंडीरामनंही नाही. हा प्रेसमध्ये कामाला. वडील वारल्यावर त्याची आई, यशोदाबाई, विंचूरला एकटी राहिली. तिला जवळ आणायची म्हणून त्यानं तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. खाली तर सगळे गाळेच. "वर आईला हवा चांगली लागेल," असं तो बायकोला, लताबाईला, सांगत होता.

वास्तुशांतीला आधी गाय-वासरू घरात गेलं पाहिजे, ही यशोदाबाईची अट. काळू गवळ्यानं गाय आणली. वासरू पुढं, गाय मागं, अशी ती सरळ वर गेली. तिला ओवाळलं, पुरणाची पोळी चारली. सगळं छान झालं. मग उतरायची वेळ आली.

गायीनं पहिल्या पायरीशी येऊन खाली बघितलं आणि घट्ट उभी राहिली.

"काळू, भाडेकरू ठेवून चाललास काय?" दुसऱ्या मजल्यावरचे शामसुंदर म्हणाले.

"तुमच्याकडं पाठवू का, भाऊ? दूध फुकट, शेण तुम्ही काढा."

वासरू खाली नेलं. ते खालून हंबरायचं, ही वरून. एक पाय पुढं टाकायची, परत घ्यायची. तिच्या खुरांची थरथर माझ्यात उतरत होती. पायरी बोटभर खाली घेता आली असती तर घेतली असती मी. आमच्या जातीला ते जमत नाही.

शेवटी काळूनं माझ्यावर गोणपाटं अंथरली, गायीला फिरवलं आणि चौघांनी दोर धरून तिला शेपटीकडून, उलटी उतरवली. "हळू गं बाई, हळू," काळू सारखा म्हणत होता. वळणावर तिचं पोट भिंतीला घासलं.

यशोदाबाई वरून बघत होती. "मला बी असंच उतरवशील का रं, धोंडू?"

सगळे हसले. ती हसली नाही.

पुढं तिचे गुडघे सुजले. वर आली ती वरच राहिली. दुपारी माझ्या सगळ्यात वरच्या पायरीवर येऊन बसायची. येईल-जाईल त्याला विचारायची, "खाली लिंब फुलला का रं?" धोंडीरामला म्हणायची, "एकदा मातीला पाय लावू दे. मग काय बी म्हणणार नाय." त्यानं एकदा तिला पाठुंगळी घेतलंही. वळणावर दोघं अडकले, त्याचा पाय सटकला, तिनं कठड्याला मिठी मारली. परत वर.

लताबाई समजावायची, "आत्याबाई, गॅलरीत बसा की. तिथून सगळं दिसतं."

"दिसतं गं. दिसण्याचं काय करू?"

अशी वर्षं गेली. एका उन्हाळ्यात धोंडीराम ड्युटीवर होता, लताबाई नाशकात द्वारका चौकाकडं सामान आणायला गेलेली. यशोदाबाई दारातून बाहेर आली. खाली बघितलं. मग तिनं माझ्याकडं पाठ केली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एक पाय मागं सोडला. पायाची बोटं मला चाचपत होती. इथं आहे मी, आई, असं सांगता आलं नाही.

"हळू गं बाई, हळू," ती स्वतःलाच म्हणाली.

वळणावर तिची कूस त्याच भिंतीला घासली. खाली पोचली, दारातल्या कडुलिंबाखाली गेली आणि मातीत पाय पसरून बसली.

धोंडीराम घरी आला तो थबकलाच. "आई, उतरलीस कशी?"

"गायीवानी."

"आता वर कशी नेऊ तुला?"

"आता वर नाय, बाबा."

तो माझ्या शेवटच्या पायरीवर बसून राहिला. त्याचं ओझं मला तिन्ही मजले जाणवलं.

माझ्याखाली केरसुण्या नि मोडकी सायकल होती. ती काढून तिथं खाट टाकली, लुगड्याचा पडदा लावला. शेजारी आधी कुरकुरले, मग गप्प झाले. आता लताबाई ताट घेऊन उतरते, रिकामं घेऊन चढते. जिच्यासाठी घर घेतलं ती माझ्या पोटाखाली निजते. सकाळी मातीला पाय लावून येते, तेवढी हसते. धोंडीराम मात्र वर जाताना तिकडं बघत नाही. कुणी धावत उतरलं की माझा चुना तिच्या पांघरुणावर गळतो. धरून ठेवू म्हटलं तरी राहत नाही.

नवं घर बघायला जाल तेव्हा नळ सोडून बघाच, पण जिनाही एकदा उतरून बघा, दुखऱ्या गुडघ्यांनी. आणि इकडं कधी आलात, वर कुणाकडं जायचं असलं, तर पाय जरा हलके टाका. यशोदाबाईचा आत्ताच डोळा लागलाय.