दानम्माचं मनगट

तेलगावात शंकरप्पांची पिठाची गिरणी. तीस वर्षं माणूस त्या पट्ट्याशेजारी वावरला आणि एका दुपारी पट्ट्याने त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं नेली. तळवा राहिला, अंगठा राहिला, मनगट शाबूत. लोक म्हणाले, डावाच गेला ना, नशीब समजा. लोकांना म्हणायला काय जातंय! लिंगायताच्या घरात डाव्या हाताचं मोल वेगळं असतं. रोज सकाळी अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, छातीसमोर धरायचं, उजव्या हाताने विभूती लावायची, फूल वाहायचं, आणि मगच पाण्याचा घोट. लिंग जमिनीवर ठेवायचं नाही, पडू तर द्यायचंच नाही. बोटं गेल्यावर ते सपाट तळव्यावरून घरंगळायला लागलं. म्हणून त्यांची बायको दानम्मा रोज पहाटे पाचला अंघोळ करून समोर बसायची आणि आपला तळवा नवऱ्याच्या तळव्याखाली धरून आपल्या बोटांची कड करायची. पुरता अर्धा तास.

दानम्माचं हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहाटेचं उठणं बंद, ऊन वर येईपर्यंत अंथरुणातच पडून राहायचं. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पाचला उठली.

त्यांची मुलगी शिवकन्या बीडला एका कारखान्यात संगणकावर, कॅडमध्ये, यंत्रांचे आराखडे काढायची आणि शनिवारी घरी यायची. एका शनिवारी शंकरप्पांनी तिला गिरणीत बाजूला घेतलं.

"पोरी, तू मशिनी काढतीस. मला एक हात काढून दे. त्यानं मला गिलास धरायचा न्हाई. तुझ्या अव्वाला सकाळी पडू द्यायचंय. लई दमती ती."

"देते की अप्पा. त्यात काय," शिवकन्या म्हणाली. तिला खरंच त्यात काही अवघड वाटलं नव्हतं.

पडद्यावर हात काढणं सोपंच गेलं. अवघड होतं ते त्याला एका मताने हलवणं. चार बोटं, प्रत्येकाला दोन सांधे, वर मनगटाचा एक. मनगट वाकलं की त्याच्या जोरावर दोरे ताणून बोटं मिटावीत, अशी योजना. त्यासाठी कॅडमध्ये एक सांधा दुसऱ्याला जोडायचा आणि छोट्या चौकटीत आकडा भरायचा: हा इतका फिरला तर तो कितीने आणि कोणत्या बाजूला फिरेल. पहिल्या आठवड्यात बोटं वरातीतल्या दारुड्यांसारखी नाचली. एक पुढे, एक मागे, एक सरळ दुसऱ्याच्या पोटातून आरपार. मग आकडे जमत गेले. मनगट आत वाकवलं की आठही सांधे एकदम, अगदी शिस्तीत मिटायचे. इंटरनेटवरचे सगळे हात असेच मिटत होते. शिवकन्येने कारखान्यातल्या थ्रीडी प्रिंटरवर तो छापला, दोरे ओवले आणि घरी आणला.

शंकरप्पांनी त्या हाताने पाण्याचा ग्लास उचलला. दानम्मा हसली, शेजारीपाजारी बघून गेले.

दुसऱ्या दिवशी पूजेत त्यांनी लिंग नव्या तळव्यावर घेतलं आणि हात छातीपर्यंत उचलला. उचलताना मनगट मागे वळलं, दोरे सैल पडले, बोटं सपाट उघडली. लिंग घरंगळलं. दानम्मा काळजीने समोरच बसली होती, तिने ते पदरात झेललं. शंकरप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढचे चार महिने शिवकन्या हट्टाला पेटली. तळवा खोल केला, बोटांना रबर लावलं, आकडा दोनाचा दीड केला, दीडाचा अडीच केला. सहा हात छापले. लिंगाएवढ्या सुपारीवर तपासायची आणि सहाही हातांतून ती सुपारी पडायची. एका रविवारी दानम्मा तिच्या लॅपटॉपशेजारी येऊन बसली आणि आपला डावा हात पुढे केला.

"माझा हात बघ की येकदा. मी कसा धरती ते."

"अव्वा, तुझा हात हाडामांसाचा आहे. यात दोरे आहेत. वेगळं असतं ते," शिवकन्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

दानम्माने हात मागे घेतला. "बरं बाई," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

कार्तिकातल्या एका मंगळवारी दानम्मा गेली. पहाटे नवऱ्याची पूजा करून दिली, भाकरी केल्या, दुपारी जरा आडवी झाली ती उठलीच नाही.

अंग ताठायच्या आत बसवायला हवं, म्हणून विधी करायला आलेल्या जंगमस्वामींनी घाई केली. लिंगायतांत बसवूनच समाधी देतात, डाव्या तळव्यावर लिंग ठेवून. शिवकन्या बीडहून पोचली तेव्हा दानम्माला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. स्वामींनी तिचा डावा हात मांडीवर उताणा घेतला, तळव्यावर तिचं लिंग ठेवलं आणि मनगट हलकेच मागे वळवलं. बोटं आपली आपण आत आली. कुणी मिटली नव्हती. जिवंतपणाची सगळी ताकद निघून गेलेल्या त्या हाताने लिंगाला नीट सावरून धरलं.

शिवकन्येला त्याच क्षणी कळलं. मनगट मागे जातं तेव्हा बोटं आत येतात. तिने उलटं जोडलं होतं. चौकटीतल्या आकड्यापुढे एक उण्याचं चिन्ह हवं होतं आणि दोरे मनगटाच्या दुसऱ्या बाजूने न्यायचे होते. आई समोर बसलीय आणि आपल्या डोक्यात आकडे येतायत, याची तिला किळस आली. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. लोकांना वाटलं आईसाठी रडतेय. आईसाठी तर होतंच, पण त्या रविवारी पुढे आलेल्या हातासाठी जास्त होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिने तो बदल केला. पडद्यावर दोन मिनिटं लागली.

सातवा हात शंकरप्पांनी घातला. मधल्या काळात पूजेला शेजारची एक म्हातारी तळवा धरत होती. आज ते एकटेच बसले. शिवकन्या दारात उभी राहिली. त्यांनी लिंग तळव्यावर घेतलं, हात उचलला, मनगट मागे वळलं आणि चारी बोटं हळूहळू आत येऊन थांबली. लिंग हललं नाही. विभूती झाली, फूल झालं. शंकरप्पांचा चेहरा एकदम उजळला. कित्येक महिन्यांत शिवकन्येने त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्याच आनंदात त्यांनी मागे अंथरुणाकडे मान वळवली.

"अगं, जमलं बघ! पोरीनं केलं! तू पड आता, उठू नको."

घडी करून ठेवलेल्या वाकळेकडे ते बघत राहिले. शिवकन्या धावत येऊन त्यांच्याजवळ बसली. शंकरप्पांचा सगळा देह हुंदक्यांनी हलत होता, आणि तो हात मात्र लिंग घट्ट धरून होता.