सीख के रही

श्यामराव गुरुजींनी कागद तिसऱ्यांदा वाचला आणि चष्मा काढून हातात धरला. कागदावर दीपमालाचं नाव बरोबर होतं, चौतीस वय बरोबर होतं, वडिलांच्या नावापुढे 'स्वर्गीय धर्मपाल' तेही बरोबर होतं. चुकला होता तो शेवटचा आकडा. अपंगत्व, पंचवीस टक्के.

समोर तिची आई, सत्यभामाबाई, बसल्या होत्या. पदराच्या टोकाला उगाच पीळ देत त्या म्हणाल्या की, केंद्रवाले चाळीस टक्क्यांच्या खाली घेत नाहीत.

केंद्र नव्या रायपुरात होतं. ज्यांची समज वयाबरोबर वाढली नाही अशा मोठ्या माणसांसाठी. सकाळी त्यांच्या वस्तीतून, तेलीबांध्याहून, गाडी न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. तिथे कागदी पिशव्या, पणत्या, असली कामं शिकवत. दीपमाला एकदा बघून आली होती आणि तेव्हापासून रोज गाडी कधी येणार म्हणून विचारत होती. पण सत्यभामाबाईंना ती जागा वेगळ्याच कारणासाठी हवी होती. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन दोनदा पुढे ढकलून झालं होतं, आणि डॉक्टरांनी आता तिसऱ्यांदा ढकलू नका म्हणून सांगितलं होतं.

"मी दवाखान्यात पडली तर रात्री शेजारीण येते म्हणते, पण दिवसभर हिले काय कुलूप लावून जाऊ, गुरुजी?"

दीपमालाला दोन शाळांनी नाकारलं, तेव्हा श्यामरावांनी तिला आपल्या वर्गात पहिल्या बाकावर बसवलं होतं. 'द' काढायला शिकवण्यात एक अख्खं वर्ष गेलं होतं. त्यामुळे ती काय करू शकते आणि काय नाही, हे त्यांच्याइतकं फक्त तिच्या आईलाच ठाऊक. आणि हा कागद म्हणत होता की, ती एकटी बसने जाते, घड्याळ बघते, स्वयंपाक करते. प्रत्येक ओळीपुढे तेच : सीख चुकी है.

"तुम्ही तपासणीच्या साहेबाले सांगितलं तरी काय?"

"खरं तेच सांगितलं. त्याले मराठी समजत नाही म्हणून हिंदीत सांगितलं."

"हिंदीत काय?"

"सीख के रही."

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागले. सत्यभामाबाईंना राग आला. चाळीस वर्षं त्या रायपुरात हिंदी बोलत आल्या होत्या, भाजीवाल्यापासून उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या बाबूपर्यंत. कोणी हसलं नव्हतं.

गुरुजींनी मग त्यांना नीट उलगडून सांगितलं. आपण घरी म्हणतो, पोरगी शिकून राहिली, म्हणजे अजून शिकणं चालू आहे. तेच शब्दाला शब्द हिंदीत नेलं की त्याचा अर्थ होतो, हट्टाने शिकलीच एकदाची. साहेबाने प्रत्येक वेळी तेच ऐकलं, आणि तेच लिहिलं.

"पण मग सरळ 'नहीं आता' काहून नाही म्हटलं?"

सत्यभामाबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. दीपमाला तिथे उशांना अभ्रे घालत बसली होती. "तिच्यासमोर?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तसं आजवर नाही म्हटलं, गुरुजी."

गुरुजींनी उभ्या आयुष्यात शेकडो प्रगतिपुस्तकं भरली होती आणि त्यांत किती ठिकाणी 'येत नाही' लिहिलं होतं, त्याची गणती नव्हती. या बाईने चौतीस वर्षांत एकदाही ते उच्चारलं नव्हतं. ते उठले आणि त्यांनी कोरा कागद मागितला.

फेरतपासणीचा अर्ज त्यांनी स्वच्छ हिंदीत लिहिला. गफलत कशी झाली तेही चार ओळींत मांडलं. त्यानंतर अर्ज पुढे सरकवायला तीन चकरा झाल्या. त्यातली एक नव्या रायपुरातल्या कार्यालयाची. तिथल्या लांबरुंद रस्त्यावर परतीच्या बसची वाट बघता बघता दुपार कलली, पण नवी तारीख हातात पडली होती.

तपासणीला तोच तरुण मानसतज्ज्ञ होता, पियुष नावाचा. त्याने अर्ज वाचलेला होता. खुर्चीवरून उठून त्याने सत्यभामाबाईंना नमस्कार केला आणि म्हणाला, "गलती मेरी थी, माताजी. मुझे पूछ लेना था." सरकारी टेबलापलीकडून असं वाक्य गुरुजींनी कधी ऐकलं नव्हतं. मग पियुषने सुचवलं की, दीदीला जरा बाहेर बसवू, म्हणजे आईला मोकळेपणी बोलता येईल.

दीपमाला खुर्चीवरून हलली नाही. "माह्यं विचारून राहिले ना? मग मी काहून बाहेर जाऊ?"

पियुषने पहिला प्रश्न विचारला, एकटी बसने जाते का? सत्यभामाबाई पदराच्या टोकाला पीळ देऊ लागल्या. गुरुजींना वाटलं, आता ही बाई पुन्हा तेच बोलणार आणि जागा जाणार.

"नाही," दीपमालाच म्हणाली. "मले बसचा नंबर समजत नाही. आई नसली की मी भेते."

गुरुजी हिंदीत सांगायला पुढे सरसावले, तर पियुषने हातानेच थांबवलं. समजलं होतं त्याला.

घड्याळ? नाही. गॅस पेटवणं? नाही, आई पेटवते. पोळी? लाटते, पण गोल होत नाही आणि तव्यावर टाकायची भीती वाटते. एकेक उत्तर ती सरळ देत गेली, कोणी नाव विचारावं आणि आपण सांगावं, तसं. लाज नव्हती, रडगाणं नव्हतं. सत्यभामाबाई लेकीकडे नुसत्या बघत राहिल्या.

प्रश्न संपले तेव्हा दीपमाला टेबलावर वाकली. "झाडाले पाणी घालायचं तुमच्या कागदात नाही का? ते येते मले. रोज घालते."

त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. पियुषने ते समासात लिहिलं.

निकाल आला, पंचाहत्तर टक्के. त्याच आठवड्यात केंद्राने नाव नोंदवून घेतलं आणि ऑपरेशनची तारीख ठरली. पहिल्या दिवशी तेलीबांध्याला गाडी थांबली, दार उघडून केंद्रातली ताई खाली उतरली. दीपमालाने पायरीवर पाय ठेवायच्या आधीच तिला बातमी दिली, "मले पंचाहत्तर भेटले."

"अरे वा, दीदी! डिस्टिंक्शन!"

गाडी निघून गेली. ते कसले टक्के आहेत, हे पोरीला कधीतरी समजावून सांगावं का, असं गुरुजींनी हळूच विचारलं.

"राहू द्या, गुरुजी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "खरं बोलून मिळवले तिनं."