पाच कप कोरी कॉफी

जिवलीने जाड पुठ्ठ्याच्या मेनूवर बोट फिरवलं आणि ते एका ओळीवर अडकलं. चहा, एकशे नव्वद. तिने परत वाचलं. नववीतून शाळा सोडली म्हणून काय आकडे वाचायचं सोडलं नव्हतं.

"ताई, किटलीसकट देतात काय इथं?"

"गप बस," निर्मला ओठ न हलवता म्हणाली.

जिवली गप बसली, पण आतून उकळतच होती. एकशे नव्वद. घोलवडच्या शेडमध्ये दिवसभर चिकू निवडायचे, कंबर मोडायची, तेव्हा कुठं तेवढी मजुरी मिळायची. हिथं एक माणूस ती दोन घोटांत पिऊन मोकळा.

तलासरीच्या पुढे हायवेला हे काचेचं हॉटेल गेल्या साली उघडलं होतं. मुंबईहून सुरतेला जाणाऱ्या गाड्यांसाठी. आत एसी इतका की बाबाने, म्हणजे तुक्याने, खांद्यावरचा टॉवेल गळ्याला गुंडाळून घेतला होता. आई आलीच नव्हती. "तिथं चपला कुठं काढायच्या तेच मला कळायचं नाय," म्हणाली आणि कोंबड्यांच्या मागे निघून गेली.

हिथं यायची अक्कल प्रविणची. प्रविण सरावलीचा, अंधेरीला एका मोठ्या ऑफिसात पँट्रीवर कामाला. जिओचं सिम आल्यापासून तो आणि निर्मला फोनवर बोलायचे. आधी दहा मिनिटं, मग तासतास, मग फोन गरम होईपर्यंत. आता दोन्ही घरचे समोरासमोर बसून बोलायची वेळ आली, तर हा म्हणतो घरी नको, आमची आई आणि मी हायवेला येतो, चांगली जागा आहे, मुंबईसारखी.

घरी काय वाईट होतं? जिवली त्याच दिवशी भांडली होती. घरी लग्नाचं बोलायला पाहुणे आले की मागच्या गवती चहाची दोन पाती तोडायची, गूळ घालून कोरा चहा उकळायचा, कप पुढे ठेवायचे. पाहुण्यांनी तळापर्यंत प्यायला की वडीलधारा घसा खाकरून बोलायला लागतो. नसेल पटलं तर कप अर्धा ठेवून उठायचं. कोणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, कोणाला ऐकावं लागत नाही. मागच्या साली निर्मलाला बघायला आलेले उधव्याचे लोक असेच अर्धे कप ठेवून उठले होते. निर्मलाने ते कप विसळले आणि आठ दिवस कोणाशी धड बोलली नाही. परत तसं झालं तर हिचं काय होईल ते जिवलीला नुसत्या विचारानेच सहन होत नव्हतं. म्हणून तर ती आज शेडला दांडी मारून आली होती.

प्रविण काउंटरवर ऑर्डर देऊन आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. जिवलीने त्याला चिकूसारखाच बघून घेतला. कच्चा आहे, पण आतून नासका नाही.

"काय सांगितलंस?" त्याच्या आईने, जानीने विचारलं. बाई अंगाने बारीक, पण बसली होती सरपंचासारखी.

"कॉफी. पाच." मग तो तुक्याकडे वळला. "काका, तुम्ही घरी कोराच पिता ना, निर्मला बोलली होती. म्हणून कोरी कॉफी सांगितली. आमचे साहेब लोक हीच पितात."

"हां हां," तुक्या म्हणाला. "कोरंच बरं."

कॉफी आली. तपेलीएवढे पांढरे कप आणि त्यात काळं पाणी. तुक्याने सवयीने बशी शोधली. बशी होती, पण तिच्यावर एक बिस्कीट होतं, तेही अंगठ्याच्या नखाएवढं. त्याने बिस्कीट खिशात घातलं, कॉफी बशीत ओतली, फुंकली आणि ओढली.

जिवली बघतच होती. बाबाचा गळा वर गेला आणि तिथंच थांबला. डोळ्यांत पाणी आलं. गिळलं कसंतरी. बशी हळूच खाली ठेवली.

मग जानीने एक घोट घेतला. तिचं तोंड हललं नाही, पण कपाळावरची शीर उठली. तिने कप ठेवला आणि पदराने ओठ पुसले. प्रविणनेही घेतला. रोज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणारा माणूस, पण चेहरा असा झाला की याने जन्मात पहिल्यांदा चाखली. जिवलीने जीभ टेकवली. जळक्या लाकडाचं पाणी. साखरेचा एक दाणा नाही.

वर कुठलंतरी इंग्लिश गाणं चालू होतं.

तुक्याचं लक्ष जानीच्या कपाकडे गेलं. भरलेला. प्रविणच्या कपाकडे गेलं. तोही भरलेला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. आणि तिकडे जानी तुक्याच्या बशीकडे बघत होती, अर्धी तशीच उरलेली, आणि तिची मान आणखी ताठ होत चालली होती.

"बरं," तुक्याने टॉवेल सोडला. "आम्हाला निघायला पाहिजे. गाडी चुकली तर मग टमटम नाय भेटत."

"हां, आम्हाला पन उशीर होतो," जानी म्हणाली. आवाज कोरडा. "बोलू मग कधीतरी."

प्रविणला काही कळेना. "अजून तर काय बोललोच नाय आपण."

"कळलं आम्हाला," तुक्या म्हणाला.

निर्मलाने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. उधव्याच्या लोकांचे कप विसळताना असाच चेहरा झाला होता तिचा. जिवलीचं डोकं सटकलं.

"बाबा, खाली बस."

"जिवले, आवाज कमी कर."

"मी कमीच बोलतेय. बस तू. मावशी, तुम्ही पन बसा. तुमचा कप का राहिला ते सांगा आधी."

जानीने तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर विरघळली असती. "तुझ्या बापाचा का राहिला ते विचार. त्याला माझा पोरगा पटला नाय, तर मी कशाला पिऊ?"

"मला पटला नाय?" तुक्या उभ्याउभ्याच म्हणाला. "तुम्ही दोघांनी कप भरलेला ठेवला, मी काय समजायचं?"

"पहिली बशी तू ठेवलीस."

"मला... म्हणजे ते जरा..."

"कडू आहे," जिवली म्हणाली. "सांग ना. कडू आहे, जहर आहे, गिळवत नाय. पोरगा पैसे देतोय म्हणून तू बोलत नाहीस आणि स्वतःच्या पोराने मागवलं म्हणून मावशी बोलत नाय. आणि तुम्ही दोघं माझ्या बहिणीचं लग्न एका कपापायी मोडून चाललात."

शेजारच्या टेबलावरचं गाडीवालं कुटुंब वळून बघायला लागलं. जिवलीने त्यांच्याकडे एकदा बघितलं. ते परत फोनमध्ये गेले.

"ही अशीच असते," प्रविण पुटपुटला. "कॉफी. अशीच असते ती."

"मग पी ना तू. तुझा का राहिला?"

प्रविणची मान खाली. मग म्हणाला, "साखर नसते हे मला म्हायती नव्हतं. साहेब स्वतःच घालून घेतात वाटतं."

जिवली ताडकन उठली आणि काउंटरवर गेली. काळा ॲप्रन घातलेला पोरगा होता, बोलण्यावरून वाडा तालुक्याकडचा.

"साखर कुठं आहे?"

"तिकडे स्टँडवर, मॅडम. सेल्फ सर्व्हिस आहे."

"एवढे पैसे घेऊन साखर पन आम्हीच आणायची? कप पन आम्हीच घासायचे काय?"

पोरगा हसला, मग मॅनेजर बघतोय म्हणून थांबला. जिवलीने स्टँडवरच्या साखरेच्या पुड्या ओंजळीत भरल्या, लाकडाच्या काड्या घेतल्या आणि सगळं टेबलावर ओतलं. बाबाच्या कपात आठ पुड्या फाडल्या. जानीच्या कपात आठ. प्रविणला म्हणाली, तू तुझं बघ.

तुक्या बसला. त्याने ढवळलं, उरलेली कॉफी बशीत घेतली, डोळे मिटून ओढली. परत बशी, परत ओढली. तळ दिसेपर्यंत. मग बशी जानीपुढे थोडी तिरपी धरली, तिला दिसावी म्हणून.

जानीने कप उचलला. गार झाला होता. मध्येच थांबून तिने एकदा मुलाकडे बघितलं, असं की घरी चल मग सांगते, आणि संपवला. प्रविणने तर एका दमात ओतला आणि खोकत बसला.

तुक्याने घसा खाकरला. आता तो बोलणार, एवढ्यात जिवलीची नजर निर्मलापुढच्या कपावर पडली. काठोकाठ. थेंबभर हललेला नाही. तुक्यानेही बघितलं. प्रविणचं खोकणं थांबलं. एवढा वेळ सगळे एकमेकांच्या कपात डोकावत होते आणि जिचं लग्न तिला कोणी विचारलंच नव्हतं. जिवलीनेसुद्धा नाही.

जिवलीने पुड्या तिच्याकडे सरकवल्या. "घे."

निर्मलाने त्या बाजूला केल्या. "आई घरी आहे," ती प्रविणला म्हणाली. "तिने तुम्हाला अजून बघितलं नाय. मला म्हणालात चांगली जागा आहे, मी पन हो म्हटलं. चुकलं माझं. येत्या रविवारी दोघं आमच्या घरी या, आईसमोर बसा. जमेल?"

"जमेल," प्रविण म्हणाला. "सुट्टी नाय दिली तरी येईन."

निर्मलाने कप दोन्ही हातांनी उचलला आणि तशीच प्यायली, बिनसाखरेची. घाई नाही. एकदाच मध्ये डोळे मिटले. कप ठेवला, तळाशी फक्त गाळ होता.

"साखर होती ना इथं ढीगभर," जिवली वैतागून म्हणाली. "कशाला कडू प्यायचं?"

"मला चव बघायची होती."

"मग?"

निर्मलाने थोडा विचार केला. "वाईटच आहे," ती म्हणाली, आणि जानीला पहिल्यांदा हसू आलं.